डोक्यावरून काय गेले? : हौशी उपग्रह-निरीक्षणाविषयी



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीचा डॉक्टर उभा राहिला म्हणजे तो प्रकृती आणि पथ्यपाणी सांगणार, असे आपण धरून चालला असाल. त्यासाठी माझा दवाखाना आहे. आज मी सांगणार आहे ते कृत्रिम उपग्रहांविषयी. आपल्यासारख्या साध्या माणसाने घराच्या गच्चीवरून, लहानशी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन त्यांचा माग कसा काढायचा, आणि मुळात का काढायचा, एवढाच आजचा विषय.

सुरुवात २ एप्रिल २०२२ पासून करतो. शनिवार होता. आपला गुढीपाडवा आणि तेलुगू शेजाऱ्यांची उगादी. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात. जैन घरातली ही रीत मला पुढे फार उपयोगी पडली, कारण इतर घरांत पाने वाढली जातात तीच उपग्रह दिसण्याची उत्तम वेळ. तर त्या संध्याकाळी मी गच्चीवर येरझारा घालत होतो. एकाएकी उत्तरेच्या आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जळते निखारे रांगेने सरकत जाताना दिसले. उल्का नव्हती, उल्का डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझते. हे सावकाश चालले होते, मागे शेपट्या होत्या, एकातून दोन तुकडे होत होते. खाली गल्लीत आरडाओरड झाली. मी कठड्याला धरून शेवटचा निखारा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कळले की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली. परिसरात धातूचे पोकळ गोळेही सापडले. आदिलाबादपासून सिंदेवाही सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. माणसाला इजा झाली नाही. सुरुवातीला त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटचा तो भाग असावा, असा अंदाज सांगितला गेला. नंतर अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवले की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास, याच वाटेने परत येणार होता. ते गोळे म्हणजे दाबाखाली वायू भरून ठेवायच्या टाक्या. इस्रोचे लोकही येऊन पाहून गेले.

मॅकडॉवेल हजारो मैलांवर. त्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले नव्हते. मी पाहिले होते, आणि मला काहीच सांगता येईना! नागपूरच्या एका परिचिताने फोनवर विचारले, "डॉक्टरसाहेब, नेमके किती वाजता दिसले?" मी म्हणालो, पावणेआठच्या सुमारास. "सुमारास म्हणजे?" याला उत्तर नव्हते. चाळीस वर्षे मी रोग्याला विचारत आलो आहे की ताप किती वाजता चढतो, दुखणे रात्री वाढते की पहाटे. "सुमारास" म्हणणाऱ्याला मी पुन्हा पुन्हा खोदून विचारतो. आणि हातात घड्याळ असून मी स्वतः ते पाहिले नव्हते.

एक गोष्ट मात्र लक्षात होती. ते निखारे सप्तर्षीच्या खाटेच्या थोडे खालून गेले. आपल्याकडे खेड्यांत सप्तर्षीच्या चौकटीला बाज म्हणतात आणि मागचे तीन तारे म्हणजे चोर. आपल्या जिल्ह्यातल्या गोंड समाजातही अशीच कथा आहे, म्हातारीची खाट आणि ती पळवायला आलेले चोर. त्या तारखेला पावणेआठला ती खाट इथून ईशान्येकडे, क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर असते. म्हणजे अर्धे मोजमाप माझ्याजवळ होते. कुठून गेले ते ताऱ्यांनी सांगितले. कधी गेले, ते राहिले. उपग्रह-निरीक्षण म्हणजे ही दोन उत्तरे एकत्र मिळवणे. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

आमच्या पिढीला एवढेही ठाऊक नव्हते, तेव्हाची आठवण सांगतो. जुलै १९७९. मी सतरा-अठरा वर्षांचा होतो. अमेरिकेची स्कायलॅब ही ७७ टनांची प्रयोगशाळा पडणार, अशी बातमी रेडिओवर येत होती आणि ती आपल्याच डोक्यावर पडणार, असे गावोगाव पक्के झाले होते. तेलंगणाच्या खेड्यांत लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या, जनावरे मिळेल त्या भावाला विकली. वडिलांच्या किराणा दुकानात त्या आठवड्यात गूळ आणि तेल भरपूर खपले. उधारी मात्र कोणी फेडेना. जगच राहणार नाही तर हिशेब कशाला! शेवटी भारतीय वेळेनुसार ११ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास ती हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्या साली जन्मलेल्या काही मुलांची नावे आमच्याकडे स्कायलॅब ठेवली गेली. त्या भीतीला आपण आज हसतो, पण नेमके स्थळ तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते, आणि आजही येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी उपग्रह दिसतो कसा ते पाहू. त्याला स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे सूर्य मावळला तरी चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवर ऊन असते. डोंगराच्या पायथ्याला अंधार पडल्यावरही शिखरावर ऊन राहते, तसेच. म्हणून संध्याकाळी दीड-दोन तास आणि पहाटे तितकाच वेळ ते दिसतात. कधी कधी चालता चालता मध्येच विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो, आणि विझण्याआधी क्षणभर तांबूस होतो. विमानाचे दिवे लुकलुकतात, उपग्रहाचा प्रकाश संथ असतो. कोलांट्या खाणारे रिकामे रॉकेट मात्र ठराविक काळाने उजळते आणि मंदावते. त्या उजळण्यांमधले अंतर मोजले तर ते किती वेगाने गरगरते आहे ते कळते. यासाठी द्विनेत्री दुर्बीण आणि नाडी मोजायचे घड्याळ पुरे.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४२० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जाते. ते डोक्यावर असताना सेकंदाला साधारण एक अंश सरकते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दोन रुंद्या. दुर्बिणीतून एका वेळी अर्धाच अंश आकाश दिसते, तेव्हा ते अर्ध्या सेकंदात आले आणि गेले. माझ्या सहा इंची दुर्बिणीने त्याचा पाठलाग करताना मी महिनाभर फक्त मानेला रग लावून घेतली. पाठलाग करूच नये. बससाठी आपण स्टँडवर उभे राहतो, तसे तो ज्या ताऱ्याजवळून जाणार तिथे दुर्बीण लावून थांबावे.

तो कुठून जाणार हे त्याच्या पत्रिकेवरून कळते. होय, पत्रिकाच म्हणतो. प्रत्येक उपग्रहाची माहिती ६९ अक्षरांच्या दोन ओळींत मांडलेली असते: कक्षा विषुववृत्ताशी किती कललेली, किती लांबट, दिवसाला किती फेऱ्या, आणि अमुक क्षणी तो कक्षेत कुठे होता. रडार आणि दुर्बिणींच्या मोजमापांवरून अमेरिकेचे अवकाश दल ती प्रसिद्ध करते. आपल्या पत्रिकेशी फरक असा की ही जन्माची एकदाच मांडून चालत नाही. दोनशे-चारशे किलोमीटरवरही विरळ हवा असते, ती उपग्रहाला मागे ओढते, आणि सूर्य खवळला की ती हवा फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच वेळी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास उपग्रह सौरवादळामुळे दाट झालेल्या हवेत अडकून नष्ट झाले. म्हणून पत्रिका सतत नव्याने मांडावी लागते. स्कायलॅबच्या वेळी जी अडचण होती ती आजही याचमुळे आहे. पडण्याच्या वेळेत एका तासाची चूक झाली, तर जागेत सत्तावीस हजार किलोमीटरची होते. गाव कसे सांगणार?

आता मोजमाप. जुनी पद्धत साधी आहे. उपग्रह दोन जवळच्या ताऱ्यांच्या मधून जाण्याची वाट पाहायची. गेला की स्टॉपवॉच दाबायचे आणि दोन ताऱ्यांमधल्या अंतराचे कितव्या भागातून गेला ते लिहायचे. १९५६ मध्ये, म्हणजे पहिला उपग्रह उडण्याच्या आधीच, अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेचे फ्रेड व्हिपल यांनी अशा हौशी लोकांच्या तुकड्या उभ्या केल्या. नाव होते ऑपरेशन मूनवॉच. शिक्षक, दुकानदार, शाळकरी मुले रांगेने छोट्या दुर्बिणींना डोळे लावून बसत. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला आणि हे लोक एकाएकी कामाचे ठरले. ५ सप्टेंबर १९६२ च्या पहाटे मिलवॉकीच्या तुकडीने रशियाच्या स्पुटनिक-४ चे तुकडे जळत जाताना पाहिले. जवळच्याच मॅनिटोवॉक गावात, भर रस्त्यात, सुमारे नऊ किलोचा एक तुकडा रुतलेला सापडला. मॅनिटोवॉक म्हणजे त्यांचे लाडबोरीच. फरक एवढाच की त्यांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसलेली माणसे होती. इंग्लंडचे डेस्मंड किंग-हेले यांनी तर अशा डोळ्यांनी केलेल्या नोंदी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि त्यांवरून वरच्या हवेची घनता आणि पृथ्वीच्या आकारातली सूक्ष्म विषमता काढली.

आपल्या देशात हे काम नैनितालला झाले. तिथल्या वेधशाळेत १९५८ पासून १९७६ पर्यंत बेकर-नन नावाचा प्रचंड कॅमेरा होता. जगभरात असे बाराच बसवले होते. नैनितालच्या कॅमेऱ्याने उपग्रहांच्या पंचेचाळीस हजारांहून अधिक फेऱ्या टिपल्या. वेधशाळेचे प्रमुख तेव्हा वेणू बाप्पू होते, आणि हे बाप्पू आपल्या हैदराबादचे. त्यांचे वडील निजामिया वेधशाळेत कामाला होते. मुलगा दुर्बिणींच्या सावलीत वाढला.

या निजामिया वेधशाळेविषयी दोन शब्द जास्त बोलतो, कारण आपला जिल्हा त्याच राज्यातला आणि आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणवून ती स्थापली. पुढे निजाम सरकारने ती चालवायला घेतली. पॅरिसहून तेव्हा एक जगड्व्याळ काम सुरू होते. सगळ्या आकाशाची छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येक ताऱ्याची जागा मोजायची. जगभरच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. त्यात हैदराबादच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. आपल्या हस्त नक्षत्राचा बराचसा भाग या पट्ट्यात येतो. काचेच्या पट्ट्यांवरचे लाखो ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजण्यात हैदराबादच्या माणसांची आयुष्ये गेली. मी हे का सांगतो? कारण उपग्रहाची जागा मोजायला आकाशात दुसरी पट्टी नाही. ताऱ्यांच्या जागा अचूक ठाऊक असतील तरच त्यांच्यामधून गेलेल्या रेघेला अर्थ आहे.

आजची पद्धत हेच काम कॅमेऱ्याकडून करून घेते. साधा डीएसएलआर कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स तिपाईवर लावायची, आणि उपग्रह येणार त्या दिशेला पाच-पाच सेकंदांची छायाचित्रे घ्यायची. तारे ठिपक्यांसारखे आणि उपग्रहाची रेघ. रेघेचे एक टोक म्हणजे शटर उघडले तो क्षण, दुसरे म्हणजे मिटले तो. कोणते आधीचे, ते पुढच्या छायाचित्रावरून कळते. संगणकावरचे मोफत मिळणारे प्रोग्राम ताऱ्यांची रांगोळी ओळखून रेघेच्या टोकांची जागा काढून देतात. हैदराबादच्या माणसांनी जे दशकानुदशके केले, ते माझ्या टेबलावर मिनिटभरात होते. याची मला अजूनही थोडी लाज वाटते.

या साध्या छायाचित्रातही जागा सोळा-वीस विकलांपर्यंत मोजता येते. स्थानकाच्या उंचीवर हे तीस-चाळीस मीटर झाले. पण वेळेत दहाव्या हिश्श्याइतक्या सेकंदाची चूक झाली, तर तेवढ्यात ते पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असते! सगळे घोडे इथेच अडते. आकाश मोजणे सोपे झाले, वेळ मोजणे राहिले. कॅमेऱ्यातले घड्याळ आठवड्यात काही सेकंद चुकते. पूर्वी आकाशवाणीच्या बातम्यांआधी ठोके पडत, त्यावर घड्याळ लावता येई. मोबाइलवर ऐकलेली आकाशवाणी मात्र काही सेकंद मागे असते. तिच्या भरवशावर राहू नये. जीपीएसची वेळ खरी. मी सुरुवातीला आणि शेवटी जीपीएस घड्याळाच्या पडद्याचेच छायाचित्र घेतो, म्हणजे कॅमेरा किती चुकतो ते त्याच्याच तोंडून कळते.

हे शहाणपण मला उशिरा आले. पहिल्या वर्षी मी वही भरून नोंदी केल्या. पाहतो तर प्रत्येक उपग्रह पत्रिकेपेक्षा चार सेकंद लवकर! मला वाटले, काहीतरी मोठा शोध लागला. सगळ्याच रोग्यांना सारखाच ताप निघाला तर आधी थर्मामीटर तपासावा, हे कळणारा मी डॉक्टर. कॅमेऱ्याचे घड्याळ चार सेकंद मागे होते. चार सेकंद म्हणजे तीस किलोमीटर. ते घड्याळ रोज किती घसरत होते याची नोंद नसल्यामुळे दुरुस्तीही करता येईना. ती वही बाद झाली. मी ती टाकलेली नाही.

ज्यांना पळापळ नको त्यांच्यासाठी भूस्थिर उपग्रह आहेत. ते विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबर फिरतात, म्हणून आपल्याला स्थिर वाटतात. आपल्या छपरांवरच्या डिश त्यांच्याचकडे तोंड करून बसलेल्या असतात. ८३ अंश पूर्व रेखांशावर आपल्या देशाचे जीसॅट मालिकेतले उपग्रह आहेत. आदिलाबादहून ते जवळजवळ दक्षिणेला, ६६-६७ अंश उंच. विषुववृत्तावर असूनही आपण उत्तरेला असल्यामुळे ते ताऱ्यांमध्ये सुमारे साडेतीन अंश दक्षिणेला ढळलेले दिसतात. जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेला उंच येते, तेव्हा मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण या रेषेच्या किंचित वर असतो. २०० मिलिमीटरची लेन्स तिपाईवर घट्ट बसवा आणि तीस-तीस सेकंदांची छायाचित्रे घ्या. आता उलट होते. तारे रेघा होतात आणि उपग्रह ठिपका राहतो. सहा इंची दुर्बिणीतून, मोटर बंद ठेवून पाहिले तर तारे सरकत जातात आणि एक मंद ठिपका जागचा हलत नाही. माझ्या नातवाला यापेक्षा आश्चर्याचे काही वाटलेले नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताच्या आसपास मध्यरात्री हे उपग्रहही सावलीत जातात, जास्तीत जास्त ७२ मिनिटे. बाराच्या आसपास ठिपका विझतो आणि तासाभराने पुन्हा उगवतो.

आता अलीकडे काय चालले आहे ते सांगून थांबतो. पांढरकवड्याला माझे एक निवृत्त शिक्षक मित्र आहेत. पांढरकवडा इथून जवळजवळ नेमका उत्तरेला, सरळ अंतर चाळीस किलोमीटर, मध्ये पैनगंगा. स्थानक येणार असेल त्या संध्याकाळी ते त्यांच्या गच्चीवरून आणि मी माझ्या गच्चीवरून, जीपीएसच्या एकाच सेकंदाला कॅमेरे उघडतो. दोन छायाचित्रांत तीच रेघ ताऱ्यांमध्ये वेगळ्या जागी पडते. डोक्यावर असेल तेव्हा फरक साडेपाच अंशांचा, म्हणजे अकरा चंद्र भरतील इतका. एक डोळा मिटून बोट पाहिले आणि मग दुसरा मिटून पाहिले तर बोट सरकते, तोच हिशेब. त्यावरून उंची निघते. पहिल्यांदा ३९० किलोमीटर आली, दुसऱ्यांदा ४३४. तिसऱ्यांदा ढग होते. चौथ्यांदा गुरुजींनी लेन्सचे झाकणच काढले नव्हते. त्यानंतर आम्ही दोन्हीकडे पडद्याचे छायाचित्र घेण्याचा नियम केला आणि आता चूक दहा किलोमीटरच्या आत येते. २ एप्रिलला असे दोन कॅमेरे चालू असते, तर ते निखारे किती उंचीवर, कोणत्या वेगाने आणि कोणत्या दिशेने उतरत होते ते त्याच रात्री काढता आले असते, आणि तुकडे कोणत्या तालुक्यात शोधायचे याचा अंदाज तहसीलदारांना देता आला असता.

दोन कॅमेरे उत्तर-दक्षिण रेषेत असले की उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वस्तूची उंची नीट निघत नाही. म्हणून तिसरा पूर्वेला, राजुरा-बल्लारपूरच्या बाजूला बसवायचा आहे. त्यासाठी उत्तर आकाश मोकळे असलेली गच्ची आणि संध्याकाळी सात ते साडेआठ रिकामा असणारा माणूस हवा. कॅमेरा मी देतो. आपल्यापैकी कोणाचे व्याही, भाचे किंवा मित्र तिकडे असतील, तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा.